पाणी उतरवलेली छिन्नी

एका गावात एक लोहार होता. हात चांगला, नजर त्याहून चांगली, पण एका शब्दाची त्याला भारी चीड होती. शब्द कोणता ते पुढे येईलच. त्या शब्दापायी त्याला भर गावात मान खाली घालावी लागली, त्याची ही गोष्ट.

गाव टेकडीच्या पायथ्याशी होतं. पायाखाली काळा कातळ, भिंतींना काळा कातळ, देवळाच्या पायऱ्याही त्याच कातळाच्या. त्यामुळे गावात पाथरवटांची घरं पुष्कळ. पाथरवट म्हटला की छिन्नी आली, आणि छिन्नी म्हटली की लोहार आला. म्हणून लोहाराची भट्टी कधी थंड पडत नसे. भाता त्याची बायको ओढायची. तीही लोहाराचीच लेक, त्यामुळे भट्टीतलं तिला त्याच्याइतकंच कळायचं.

आता छिन्नी म्हणजे नुसती ठोकून टोकदार केली की झाली, असं नाही. ती बेताची लाल करायची आणि टोक झटकन गार पाण्यात बुडवायचं. याला म्हणतात पाणी पाजणं. त्याने टोक इतकं कडक होतं की काचेवर ओरखडा काढावा. पण ते कडकपण मोठं वेडं असतं. तापलेल्या लोखंडाच्या आतले कण एकदम गारठतात आणि जिथे असतील तिथेच अवघडून बसतात, दाटीच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांसारखे. जरा कुणाचा धक्का लागला की ताट सांडलंच. म्हणून पाणी पाजून झाल्यावर छिन्नीला पुन्हा थोडी ऊब द्यायची असते. मग आतले कण जरा सरकून मोकळे बसतात. कडकपणा थोडा कमी होतो, पण चिवटपणा येतो आणि छिन्नी घाव सोसायला शिकते. या दुसऱ्या कामाला त्या भागातले लोहार म्हणत पाणी उतरवणं.

हाच तो शब्द.

लोहाराला हे काम येत नव्हतं असं मुळीच नाही. बापाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. टोक दगडावर घासून चकचकीत करायचं, छिन्नीचा मागचा भाग तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवायचा आणि बघत बसायचं. ऊब जशी टोकाकडे सरकते तसे रंग सरकतात. आधी गव्हाळ, मग मधाचा, मग जांभळा, शेवटी मोरपंखी निळा. दगडाच्या छिन्नीला मधाच्या रंगावर थांबवायचं. बाप म्हणायचा, "पोरा, पाणी पाजायला हात लागतो, उतरवायला धीर लागतो."

पुढे एकदा आठवड्याच्या बाजारात हत्यारांचा एक व्यापारी आला. त्याने लोहाराच्या टोपलीतली एक छिन्नी उचलली आणि खिशातली कानस तिच्यावर फिरवली. ती छिन्नी सकाळच्या घाईत पाणी उतरवायची राहिली होती. कानस सर्रकन घसरली, टोकावर चराही उमटला नाही.

"वा!" व्यापारी ओरडला. "कानस लागत नाही हो! पाणी असावं तर असं. लोखंड पाणीदार, आणि लोहारही पाणीदार!"

भोवती माणसं जमली. ज्याने त्याने कानस फिरवून पाहिली. त्या दिवसापासून लोहाराला सगळे पाणीदार लोहार म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिथेच त्याचं बिनसलं. स्तुती पचवायला फार थोड्यांना जमतं. हा काही त्यांतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायकोने नेहमीसारखा ठोकळा तापत ठेवला.

"अहो, या चार छिन्न्यांचं पाणी उतरवायचं राहिलंय ना?"

"माझ्या लोखंडाचं पाणी उतरवायचं? हा शब्द पुन्हा काढू नकोस."

"अहो, शब्दच तो. भट्टीतला."

"भट्टीतला म्हणे. बाजारात एखाद्याचं पाणी उतरलं म्हणतात, तेव्हा त्याचा काय सत्कार झालेला असतो का?"

बायको हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय. पण लोहाराने ठोकळा उचलून खरोखरच कोपऱ्यात फेकला, आणि तो तिथेच गंजत पडला. मग तर लोहाराने आणखी पुढची पायरी गाठली. जितकी लाल तितकी कडक, असं म्हणत तो छिन्नी बेताची लाल न करता पार पिवळी होईपर्यंत तापवू लागला. बायकोने भाता हळू केला की ओरडायचा, "ओढ जोरात!" फार तापलं की लोखंडाचा दाणा जाड होतो आणि जाड दाण्याचं लोखंड ठिसूळ होतं, हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. पण तिने ओढला भाता, आणि त्याने तापवली छिन्नी.

त्याच वर्षी गावाने टेकडीवरच्या कातळात पाण्याचं मोठं टाकं खोदायचं ठरवलं. गावातल्या बायकांना पाण्यासाठी नदीपर्यंत दोन वेळा उतरावं लागायचं, ते थांबावं म्हणून. काम दिलं गावातल्या सगळ्यांत जाणत्या पाथरवटाला. हा पाथरवट असा, की दगडावर कान टेकून आतली भेग कुठे आहे ते सांगायचा. तीस वर्षांत त्याचा घाव कधी चुकला नव्हता.

तो लोहाराकडे आला आणि ओसरीवर टेकला.

"दादा, तेरा छिन्न्या हव्यात. धार थोडी कमी टिकली तरी चालेल, मी पुन्हा घासून घेईन. पण मोडता कामा नयेत. खाली जागा अरुंद आहे, तोंड छिन्नीच्या जवळच राहतं."

लोहाराला ते लागलं. धार कमी टिकली तरी चालेल? पाणीदार लोहाराला हे सांगायचं?

"तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला. "कानस लागणार नाही अशा देतो."

"कानस कशाला लावू मी? मला दगड फोडायचाय," पाथरवट हसत म्हणाला आणि गेला.

लोहाराने तेरा छिन्न्या दिल्या. सगळ्या पिवळ्याजर्द तापवलेल्या, पाणी पाजलेल्या आणि एकीचंही पाणी न उतरवलेलं.

पहिले दोन दिवस सगळे खूश. छिन्न्या कातळात लोण्यात शिरावं तशा शिरत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पाथरवटाने हातोडा उचलला, घाव घातला, आणि छिन्नीचं टोक काडकन मोडलं. मोडलेला तुकडा उडाला तो थेट त्याच्या डाव्या डोळ्यात.

आरडाओरडा झाला. चौघांनी त्याला उचलून वर आणलं. वैद्याने डोळा पाहिला आणि मान हलवली. उजवा वाचला, डावा गेला. गाव टाक्याच्या काठावर जमलं. लोहारही धावत आला, त्याच्यामागे त्याची बायको.

लोहार टाक्यात उतरला. खाली एका खाचेत टोकाचा दुसरा तुकडा पडला होता, बोटाच्या पेराएवढा. त्याने तो उचलला आणि मोडलेली बाजू उन्हाकडे धरली.

लोखंड मोडलं की ते खोटं बोलत नाही. नीट केलेल्या छिन्नीची मोड राखाडी आणि बारीक दिसते, नाचणीच्या पिठासारखी. या तुकड्याच्या मोडीत जाड, चमचमते दाणे होते, जाड्या मिठासारखे. लोहाराने एकदाच बघितलं आणि त्याला सगळं कळलं. घाव सरळ होता. छिन्नीच वाईट होती, आणि ती त्याने वाईट केली होती, माहीत असून.

त्याने तुकडा मुठीत झाकला, मूठ कनवटीशी नेली, आणि तुकडा कनवटीत खोचला.

वर आल्यावर पाटलांनी विचारलं, "काय हो, छिन्नीत काही दोष होता का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. "होता" म्हणायचं, बस. तो म्हणाला, "घाव जरा तिरका बसला असेल."

बघा, तो सरळ खोटंही बोलला नाही. 'असेल' म्हणाला. आपण सगळे असेच असतो. 'असेल' म्हटलं की आपल्याला वाटतं, आपण काही पाप केलं नाही. पण गावाने 'असेल' ऐकलंच नाही. गावाने ऐकलं, घाव तिरका बसला.

बायको मागे उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला.

दुसऱ्या दिवसापासून लोहाराचं जेवणावर मन राहिलं नाही. ताटावर बसायचा आणि उठायचा. कनवटीतला तुकडा बसता-उठता टोचायचा. तो फेकून द्यावा म्हणून चार वेळा नाल्यापर्यंत गेला आणि चार वेळा तसाच परत आला. बायको वाढता वाढता एकदा म्हणाली, "मीही गप्प बसले तिथे. भाता तर मीच ओढला होता. तेव्हा सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. पण बोला. मीही येते बरोबर." त्यावर लोहाराने ताट सरकवलं आणि बाहेर गेला. तिच्या डोळ्याला डोळा देण्याची त्याची हिंमत नव्हती.

आठ दिवसांनी तो तुपाचं गाडगं घेऊन पाथरवटाला भेटायला गेला. का गेला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. तूप दिलं की जरा हलकं वाटेल, असं काहीतरी मनात असावं.

अंगणात पाथरवट जमिनीवर बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी. पुढ्यात एक लाकडी खुंटी जमिनीत रोवलेली, हातात हातोडा. तो खुंटीवर हलका घाव घालायचा आणि शेजारी बसलेल्या लेकीला विचारायचा, "सरळ बसला का गं?"

"सरळच आहे, बाबा."

पुन्हा घाव. "हा?"

"हाही सरळ."

"मग त्या दिवशी कसा तिरका बसला?"

तीस वर्षं कातळ फोडलेला माणूस, आणि खुंटीवर घाव घालायला शिकत होता. लोहार गाडगं धरून अंगणाच्या कडेलाच थांबला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, तसं त्याला झालं.

पाथरवटाने त्याला पाहिलं. "या दादा, या. बसा. एक बोलायचं राहिलंच होतं. तुम्ही त्या दिवशी तोंडावर सांगितलंत, ते बरं केलंत. दुसरा कुणी असता तर माझी भीड धरली असती. हात ढिला पडला असणार माझा. वय झालं."

लोहाराने गाडगं खाली ठेवलं. "नाही हो, तसं काही..." एवढंच त्याच्या तोंडून आलं.

"काम काही थांबवता येणार नाही. उद्यापासून लेक उतरणार आहे टाक्यात," पाथरवट म्हणाला. "तुमच्या बाकीच्या बारा छिन्न्या तिलाच दिल्यात. काही माणसं म्हणत होती, दुसरीकडून आणा. मी म्हटलं, माझ्या हाताच्या चुकीपायी लोहाराच्या लोखंडावर अविश्वास दाखवायचा नाही."

"लोहारकाका, घरी एक वापरून पाहिली, तुमच्या छिन्नीवर हात सफाईने चालतो," लेक हसून म्हणाली. तिचे दोन्ही डोळे अगदी बापासारखे होते, काळेभोर.

लोहार उठला. पाणी न पिताच निघाला. वाटेत एका दगडावर बसून त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. आता तरी बोलायला हवं होतं. तिथेच, अंगणात. तो बोलला नव्हता. पहिल्यांदा गप्प बसला तो घाबरून, पण आज? आज तो विश्वास ठेवणाऱ्या माणसासमोर गप्प बसला होता. या शरमेपुढे ती पहिली शरम काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भट्टीशी बसला. टेकडीवरून घावांचा आवाज यायला लागला. टाक्यात माणसं होती, पण त्याच्या कानाला एकच छिन्नी ऐकू येत होती. चांगली छिन्नी ठक्क वाजते. ही टिंग, टिंग वाजत होती, काचेचा पेला वाजावा तशी. टिंग, टिंग. मधेच आवाज थांबला की त्याचा जीव टांगणीला लागायचा. पुन्हा टिंग वाजलं की तो श्वास सोडायचा. त्याच्या हातातली सांडशी दोनदा निसटली.

मग भाता थांबला. बायकोने दोरी सोडली होती. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

लोहार उठला आणि अनवाणी टेकडीवर धावत सुटला.

"थांब पोरी!" तो टाक्याच्या काठावरून ओरडला. "हात थांबव!"

पायऱ्या उतरून तो खाली गेला. लेक हातोडा धरून उभी होती. "काय झालं, काका?"

सगळे कामकरी बघायला लागले. पुन्हा तीच वेळ, पुन्हा तितकीच माणसं. लोहाराने तोंड उघडलं, आणि काय बोलला माहीत आहे?

"धार... धार गेलेली दिसतेय. सगळ्याच छिन्न्या दे. लावून आणतो."

लेकीने काही न विचारता बाराही छिन्न्या टोपलीत भरून दिल्या. लोहाराने टोपली उचलली. छाती हलकी झाल्यासारखी वाटली. पोरगी वाचली. आता घरी जायचं, छिन्न्या गुपचूप नीट करायच्या, आणून द्यायच्या. कुणाला काही कळायचं कारण नाही. अशी पळवाट सापडली की माणसाला वाटतं, देवच आपल्या बाजूने आहे.

वरच्या पायरीवर पाथरवट बसला होता. लेकीचं काम बघायला काठी टेकत आला होता.

"धार गेली म्हणता? इतक्यात?" तो म्हणाला. "मग खोट आमच्या घराण्यातच दिसते, दादा. तिचाही घाव माझ्यासारखाच तिरका पडत असणार. तिला सांगतो, तू उतरू नकोस. हे काम आपलं नाही."

टोपली लोहाराच्या हातून सुटली. छिन्न्या पायरीवरून खणखणत खाली गेल्या.

त्याने कनवटीला हात घातला. तो तुकडा काढला आणि पाथरवटाच्या तळहातावर ठेवला.

"मोडीवरून बोट फिरवा," तो म्हणाला.

पाथरवटाने बोट फिरवलं. मग तुकडा उजव्या डोळ्याजवळ धरला. दगड कसा फुटतो हे ज्याने जन्मभर पाहिलं, त्याला लोखंडाची मोड वाचायला किती वेळ लागणार?

"घाव तिरका असता तर कडेला दबलं असतं," तो हळूच म्हणाला. "कडा शाबूत आहे. हे आतून फुटलंय. ठिसूळ दगड फुटतो तसं."

"होय."

"हा तुकडा तुमच्याजवळ होता?"

"होय."

"इतके दिवस?"

लोहाराने मान खाली घातली. मग मान वर न करताच तो बोलला, मोठ्याने, खालच्या माणसांना ऐकू जाईल असं. "छिन्नी वाईट होती. बाराही तशाच आहेत. मी जास्त तापवल्या. पाणी उतरवलं नाही. मला सगळं माहीत होतं. कानस लागत नाही असं लोकांनी म्हणावं, एवढ्यासाठी केलं. घाव सरळ होता. मी खोटं बोललो."

त्याची बायको धापा टाकत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. "भाता मी ओढला होता," ती म्हणाली.

पाथरवट लोहाराशी बोललाच नाही. तो लेकीकडे वळला. आपला उजवा हात त्याने तिच्यापुढे धरला. "सरळ होता गं," तो म्हणाला. "माझा हात सरळ होता." आणि त्याला रडू कोसळलं. डोळा गेला तेव्हा तो रडला नव्हता.

थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं आणि लोहाराला म्हणाला, "डोळा काही तुम्ही ठरवून घेतला नाहीत. ते मी एक वेळ विसरेन. पण माझा हात माझ्यापासून घेतलात, तो मात्र कळून सवरून."

लोहार उभा होता तिथेच खाली बसला.

गावात त्या दिवशी एकच बोलणं. लोहाराचं पाणी उतरलं. लोक ओसरीवर म्हणाले, नदीवर म्हणाले, त्याच्या दारावरून जाताना तर मुद्दाम म्हणाले. ज्या शब्दाची त्याला एवढी चीड, तोच शब्द गावभर झाला. पाटलांनी विचारलं, "आता छिन्न्या दुसऱ्या गावाहून आणू या ना?"

"नाही," पाथरवट म्हणाला. "यानेच करायच्या. इथे, टाक्याच्या काठावर. सगळ्यांसमोर."

लोहाराने भट्टी टेकडीवर आणली. भाता बायकोने डोक्यावरून आणला. कोपऱ्यात फेकलेला ठोकळा त्याने दगडाने घासून घासून गंज काढून आणला. बारा छिन्न्या त्याने आधी तापवून राखेत पुरल्या आणि सावकाश निवू दिल्या, म्हणजे आतलं सगळं अवघडलेपण सुटावं. मग बेताच्या लालीवर आणल्या, दाणा बारीक राहील इतक्याच. मग पाणी पाजलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. काहीजण तोंडावर हसत होते. लोहाराचे कान तापायचे, पण तो उठला नाही.

ठोकळा तापला. पहिली छिन्नी त्याने त्यावर ठेवली. चकचकीत टोकाकडे रंग सरकायला लागले. पाथरवट काठी बाजूला ठेवून शेजारी येऊन बसला आणि आपल्या एका डोळ्याने बघायला लागला.

"कुठल्या रंगावर थांबवायचं?" त्याने विचारलं.

"मधाच्या."

"मग मी सांगेन तेव्हा उचला. तुमच्या नजरेवर सध्या माझा भरवसा नाही."

लोहाराने सांडशी धरून वाट पाहिली. गव्हाळ रंग आला, पुढे सरकला, गडद झाला.

"आता," पाथरवट म्हणाला.

लोहाराने छिन्नी उचलली. अशा बाराही झाल्या. एकीलाही त्याने आपल्या मनाने हात लावला नाही.

टाकं पुढच्या वर्षी पुरं झालं. त्या बारांपैकी एकही छिन्नी मोडली नाही. झिजल्या, पुन्हा घासल्या, आखूड झाल्या, पण मोडली एकही नाही. लेकीने शेवटचा थर फोडला तेव्हा तिचा बाप वर बसून नुसते घाव ऐकत होता. ठक्क, ठक्क.

त्याने लोहाराला माफ केलं का? तसं तो कधी म्हणाला नाही, आणि लोहारानेही कधी विचारलं नाही. पण पुढेही नवी छिन्नी करायची झाली की पाथरवट भट्टीशी येऊन बसायचा, आणि तो "आता" म्हणेपर्यंत लोहार सांडशी हलवायचा नाही. मोडका तुकडा लोहाराने भट्टीच्या दाराला टांगून ठेवला. कुणी विचारलं, हे काय, तर तो स्वतःच सगळं सांगायचा. 'असेल' हा शब्द न वापरता.

बऱ्याच वर्षांनी तो हत्यारांचा व्यापारी पुन्हा आला. त्याने एक छिन्नी उचलली, कानस फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, कानस लागते की! पूर्वीचं पाणी राहिलं नाही तुमच्यात."

लोहाराची मान सवयीने खाली गेली होती. ती त्याने वर केली नाही, पण आवाज स्वच्छ होता.

"नाही राहिलं," तो म्हणाला. "उतरवलंय. म्हणून तर विकायला ठेवलीय."

त्या गावात बोलण्याची एक रीत अजूनही आहे. बाहेरच्यांना ती कळत नाही. एखाद्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकावा असं सांगायचं असेल, तर तिथले म्हातारे म्हणतात, "खुशाल जा त्याच्याकडे. पाणी उतरलेला माणूस आहे."

तात्पर्य: वेळीच थोडं पाणी उतरवून घेतलं, तर लोखंडही टिकतं आणि माणूसही; जो ते टाळतो, त्याच्या मोडीचा तुकडा उडून लागतो मात्र दुसऱ्याच्याच डोळ्याला.